डॅन्यूबकाठची सहावी फेरी

बुडापेस्टची २ नंबरची ट्राम पेश्तच्या अंगानं डॅन्यूब नदीला अगदी खेटून धावते. संसदेचे टोकदार कळस मागे पडतात, पलीकडच्या काठावर बुडाच्या टेकडीवरचा राजवाडा दिसू लागतो, साखळी पूल येतो, मोठ्या मंडईचं रंगीबेरंगी कौलारू छप्पर येतं. मग पर्यटकांचं शहर संपतं आणि कामकऱ्यांचं शहर सुरू होतं. ट्रामच्या शेवटच्या थांब्याच्या आसपास पूर्वी शहराचा मोठा कत्तलखाना होता. तिथून दक्षिणेला, थेट नदीकाठावर, हंगेरीनं २०२३ च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेसाठी नवं कोरं स्टेडियम उभारलं. पस्तीस हजार माणूस सहज बसेल एवढं. त्यातला वरचा मजला तात्पुरता होता. स्पर्धा आटोपली की तो उतरवायचा आणि शहरासाठी पंधरा हजारांचं मैदान मागे ठेवायचं, हे बांधण्याआधीच ठरलेलं होतं. एवढं मोठं काम हातात घेताना ते नंतर लहान कसं करायचं याचाही विचार करणारी माणसं मला तिथे शिरण्याआधीच आवडली.

हंगेरीची लोकसंख्या एक कोटीच्या आत. म्हणजे आपल्या एकट्या मुंबईपेक्षा कमी. या देशानं दोनशेच्या आसपास देशांचे दोन हजारांवर खेळाडू आपल्या घरी बोलावले होते. आम्ही तिथे गेलो त्याच्या आदल्या दिवशी, २० ऑगस्टला, त्यांचा राष्ट्रीय सण होता. पहिला राजा सेंट स्टीफन याचा तो दिवस. रात्री डॅन्यूबवर आतषबाजी झाली आणि दोन्ही काठ माणसांनी फुलून गेले होते. दुसऱ्या दिवशी तीच माणसं अंगावर देशोदेशींचे झेंडे गुंडाळलेल्या पाहुण्यांबरोबर ट्राममध्ये दाटीवाटीनं उभी राहून स्टेडियमकडे निघाली होती.

माझी लेक व्हिएन्नाला नोकरी करते. तिथून बुडापेस्ट रेल्वेनं अडीच-पावणेतीन तासांवर. तिनं सोमवार, २१ ऑगस्टच्या संध्याकाळची तिकिटं काढली होती ती महिलांच्या १०० मीटरसाठी. त्या एका संध्याकाळी चार सुवर्णपदकांचा निकाल लागायचा होता, आणि लागला तोही असा की क्रीडारसिकांनी जन्मभर सांगावा. अमेरिकेची शकॅरी रिचर्डसन सगळ्यात बाहेरच्या नवव्या लेनमधून आली आणि १०.६५ सेकंदांत जगज्जेती झाली. ग्रँट हॉलोवेनं ११० मीटर अडथळ्यांचं लागोपाठ तिसरं जागतिक विजेतेपद घेतलं. तिहेरी उडीत ह्यूग फाब्रिस झँगोनं बुर्किना फासो या देशाला त्याचं पहिलं जागतिक सुवर्ण मिळवून दिलं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि टाळ्या वाजवून हात दुखवून घेतले. तरीही मी लिहायला बसलोय ते चौथ्या स्पर्धेबद्दल. पुरुषांची थाळीफेक. आमच्या जागा नशिबानं थाळीफेकीच्या पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला आल्या होत्या.

टीव्हीवर थाळीफेक दिसते ती तुकड्यातुकड्यांत. धावण्याच्या दोन शर्यतींच्या मध्ये वेळ उरला की एक माणूस गिरकी घेताना दाखवतात, मग गवतावर थाळी पडताना दाखवतात आणि आकडा झळकला की कॅमेरा पुन्हा ट्रॅकवर. त्यातून कळतं एवढंच की कोणी किती लांब फेकली. प्रत्यक्षात समोर चालू असतो तो तासाभराहून लांबलेला, बारा माणसांचा आणि एका सिमेंटच्या वर्तुळाचा सामना. ते वर्तुळ अडीच मीटर व्यासाचं. तिन्ही बाजूंनी उंच जाळी, पुढे उघडं तोंड आणि तिथून गवतावर पंख्यासारखी पसरत गेलेली दोन पांढऱ्या रेषांमधली जागा. थाळी पडली पाहिजे ती या दोन रेषांच्या आत. पाय पडले पाहिजेत ते वर्तुळाच्या आत. नुसत्या कडेला वरून पाय लागला तरी फेक बाद. फेकून झाल्यावर तोल सावरायचा, थाळी जमिनीला टेकेपर्यंत आत थांबायचं आणि मग मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं. एका फेकीसाठी एक मिनिट. पंचाच्या हातात दोन झेंडे, पांढरा आणि लाल.

त्या रात्री बारा जणांना प्रत्येकी तीन फेकी होत्या. त्यातून पहिल्या आठांना आणखी तीन. सहा फेकींपैकी सगळ्यात लांबची कुठली ती धरायची. नियम इतकाच, आणि त्यातच सगळं नाट्य भरलेलं आहे, हे मला त्या रात्री समजलं.

खेळाडू रांगेनं मैदानात आले तेव्हा पहिला धक्का बसला तो त्यांच्या आकाराचा. स्वीडनचा डॅनिएल स्टोल दोन मीटर उंच आणि दीडशे किलोच्या पुढे. स्लोव्हेनियाचा क्रिस्त्यान चेह त्याच्याहून उंच, २ मीटर ६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापात पावणेसात फूट. लिथुआनियाचा मिकोलास अलेक्ना या दोघांच्या मानानं सडपातळ वाटत होता, वय अवघं वीस. त्यांच्याजवळ उभे असलेले पंच, जे एरवी धडधाकट माणसं म्हणून खपले असते, ते शाळकरी मुलांसारखे दिसत होते. आपल्याकडे अंगानं मोठा माणूस हळू, असा समज आहे. तो समज घेऊन मी बसलो होतो आणि पहिल्याच फेकीत तो मोडला. स्टोल पिंजऱ्यात शिरला, थाळी दोन-तीनदा मागेपुढे झुलवली आणि फिरला. एवढा देह डाव्या पायाच्या चवड्यावर वळला, वर्तुळाच्या मध्यावर उजवा पाय टेकला, पुन्हा वळला आणि थाळी सुटली. गिरकी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत जेमतेम दीड सेकंद. पावलांचा आवाज मात्र आमच्यापर्यंत आला, सिमेंटवर बुटाचा तळ घासल्याचा, छोटा आणि कोरडा.

आणि मग शांतता. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. भाला हवेत थरथरताना दिसतो, हातोड्याला तार असते. थाळी निघाली की काहीही ऐकू येत नाही. दिव्यांच्या प्रकाशात ती एकदा चमकते, वर चढते आणि तिथे तरंगत राहते. हो, तरंगतेच. दोन किलोचं वजन तीन-साडेतीन सेकंद हवेत असतं आणि त्यातला एक क्षण असा येतो की ती आता खाली यायला हवी होती, पण येत नाही. माझ्या शेजारची लेक त्या क्षणाला दर वेळी श्वास रोखून धरायची.

आमच्या पलीकडच्या खुर्चीवर एक वयस्कर हंगेरियन गृहस्थ बसले होते. शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त. इंग्रजी येत नव्हतं, पण जर्मन चांगलं येत होतं, आणि लेकीचंही जर्मन आता पक्कं झालं आहे. त्यामुळे ते तिच्याशी बोलायचे, ती मला मराठीत सांगायची. त्यांच्या मांडीवर एक वही होती आणि प्रत्येकाची प्रत्येक फेक ते पेन्सिलीनं टिपून घेत होते. पडद्यावर सगळं येत असताना वही कशाला, असं लेकीनं विचारलं तर म्हणाले, पडदा फक्त आकडा दाखवतो. त्यांच्या वहीत आकड्यापुढे खुणा होत्या: कोणाचे खांदे लवकर उघडले, कोणाचा पाय उशिरा टेकला, कोणाचा तोल शेवटी डावीकडे गेला.

दुसऱ्या फेरीत त्यांनी लेकीला सांगितलं, "तुमच्या वडिलांना म्हणावं, थाळीकडे बघू नका. पायांकडे बघा."

मग मी पायांकडे बघू लागलो आणि खेळ उलगडत गेला. फेकणारा फिरताना आधी पाय पुढे जातात, मग कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यात मागे. थाळी धरलेला हात मुद्दाम मागे, ताणलेला ठेवायचा. सगळं शरीर पुढे निघून गेलेलं असतं आणि थाळी अजून मागून येत असते. मग डावा पाय पुढे रोवला जातो, शरीराची गिरकी त्या पायावर अडते आणि पायापासून साठवत आणलेला सगळा वेग एकदम हाताच्या टोकाला पोहोचतो. थाळी तर्जनीवरून सुटते तेव्हा तिचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात असतो. ज्याचे दंड सगळ्यात मोठे तो जिंकेल, असं मी धरून चाललो होतो, पण मास्तरांच्या वहीत दंडांबद्दल एकही खूण नव्हती.

बोटावरून सुटताना थाळीला फिरकी मिळते. तिच्या कडेला धातूची जड कडी असते, वजन शक्य तितकं बाहेरच्या बाजूला ठेवलेलं, त्यामुळे ती फिरकी टिकते आणि थाळी भोवऱ्यासारखी स्थिर राहून हवा कापत जाते. म्हणूनच ती तरंगताना दिसते. विमानाच्या पंखाला हवा उचलते तशी तिलाही उचलते. आणि इथे या खेळातली सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट येते. समोरून येणारा वारा थाळीला मदत करतो. धावणाऱ्याला वारा मागून हवा, उडी मारणाऱ्यालाही मागून हवा, आणि तो सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरतच नाहीत. थाळी मात्र समोरच्या वाऱ्यावर चढते आणि लांब जाते. तिच्यासाठी वारा मोजण्याचा नियमच नाही. त्यामुळे या खेळाचे मोठमोठे आकडे उघड्या माळावर, वाऱ्याच्या बोलीवर पडलेले आहेत. बंदिस्त स्टेडियममध्ये, चारी बाजूंनी माणसांच्या भिंती असताना, वारा अडून बसतो. तिथे सत्तर मीटर फेकायची तर सगळं स्वतःच्या अंगातूनच काढावं लागतं. त्या रात्रीचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये मास्तर आपल्या देशाच्या आठवणी सांगत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू उंच होत होता. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थाळीफेकीचं सुवर्ण जिंकलं होतं ते बुडापेस्टच्याच रुडॉल्फ बाउअरनं, ३६.०४ मीटर. तेव्हा स्टेडियम कसलं. बागेतल्या झाडांच्या दोन रांगांमधून फेकायचं. त्याच्या चार वर्षं आधी अथेन्सला जिंकलेल्या अमेरिकन रॉबर्ट गॅरेटच्या फेकी तिथे झाडांवर आदळत राहिल्या. मग मास्तर नेमेत बापलेकांवर आले. इम्रे नेमेतनं १९४८ ला लंडनमध्ये हातोडाफेकीचं सुवर्ण जिंकलं. १९५२ ला हेलसिंकीत त्याच्या तालमीतला योझेफ चेरमाक जिंकला, तोही जागतिक विक्रमासह. आणि १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये इम्रेच्या मुलानं, मिक्लोशनं, भालाफेकीत पहिल्याच फेकीला ९४.५८ मीटरचा जागतिक विक्रम करून बाकीच्यांची स्पर्धाच संपवून टाकली. फेकणारं घराणं, असं मास्तर दोनदा म्हणाले.

तसंच एक घराणं आमच्यासमोर मैदानात उभं होतं. मिकोलासचे वडील व्हिर्गिलियुस अलेक्ना हे २००० आणि २००४ चे ऑलिम्पिक विजेते. काही काळ ते लिथुआनियाच्या राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक होते, पुढे संसदेत निवडून गेले. २००४ च्या अथेन्सला मैदानावर पहिला आला होता हंगेरीचा रोबेर्त फाझेकाश. चाचणीसाठी नमुना देण्यात गैरप्रकार झाला म्हणून त्याचं पदक काढून घेतलं गेलं आणि सुवर्ण व्हिर्गिलियुस यांच्याकडे गेलं. मास्तरांनी हेही सांगितलं, आवाज न चढवता, आणि लगेच पुढच्या फेकीकडे वळले. आपल्या माणसाची लाज परक्यासमोर लपवली नाही याबद्दल त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. त्याच पदकविजेत्याचा मुलगा आता हंगेरीच्या राजधानीत फेकत होता आणि हंगेरियन लोक त्याला भरभरून टाळ्या देत होते.

स्टोलची कहाणी लेकीनं फोनवर शोधून वाचून दाखवली. आई फिनलंडची, तीही थाळीफेकपटू. २०१७ ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत हा माणूस अवघ्या दोन सेंटिमीटरनं हरला होता. लिथुआनियाच्या आंद्रियुस गुड्झ्युसची ६९.२१, याची ६९.१९. दोन सेंटिमीटर म्हणजे थाळीच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही. त्यानंतर २०१९ ला दोहात तो जगज्जेता झाला, टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळालं आणि त्याच्याच देशाचा सिमॉन पेटरसन दुसरा आला. आणि मग २०२२ ला अमेरिकेत यूजीनला तो चौथा. तिथे चेहनं ७१.१३ मीटर फेकून जागतिक स्पर्धेचा विक्रम केला आणि एकोणीस वर्षांचा मिकोलास दुसरा. म्हणजे नवी पिढी आलेली होती, आणि स्टोलचा एकतिसावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. आमच्या पुढच्या रांगेत निळ्या-पिवळ्या सदऱ्यांतलं एक स्वीडिश कुटुंब होतं. आजी, आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. स्टोल पिंजऱ्यात शिरला की धाकटा नातू डोळे मिटून घ्यायचा.

सहावी फेरी सुरू झाली तेव्हा स्टोल पहिला होता. या फेरीत जो मागे तो आधी फेकतो आणि आघाडीवरचा सगळ्यात शेवटी. एकेक जण येत गेला. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू डेनी पदकापासून थोडक्यात राहिला. मिकोलासची सर्वोत्तम फेक ६८.८५ वर थांबली, तो तिसरा. मग चेह आला.

स्लोव्हेनियाची सीमा हंगेरीला लागूनच आहे, त्यामुळे त्याची माणसं भरपूर आली होती. त्यांनी एक ताल धरला. चेहनं हात वर करून तो वाढवून घेतला नाही. सरळ वर्तुळात गेला, पाठ फिरवून उभा राहिला. एवढा उंच माणूस वाकला की त्याची थाळी जवळजवळ जमिनीजवळून फिरते. तो फिरला, सुटला, आणि मास्तर पेन्सिल हातात घेऊन उभे राहिले. सत्तर मीटरच्या पलीकडे. ७०.०२. सबंध संध्याकाळभर कोणालाही न जमलेला आकडा त्यानं अखेरच्या फेकीत काढला होता आणि आता तो पहिला होता. स्लोव्हेनियन लोक एकमेकांच्या खांद्यांवर चढले. पुढच्या रांगेतली स्वीडिश आजी मात्र शांतपणे म्हणाली काहीतरी. लेकीला ते कळलं नाही. मला कळलं असं वाटतं: एक फेक बाकी आहे.

स्पर्धेतली अखेरची फेक. फेकणारा एकच माणूस उरलेला. थोड्या वेळापूर्वीपर्यंत विजेता असलेला, आता दुसरा. त्यानं काय विचार केला असेल ते मला सांगता येणार नाही. मी पाहिलं ते एवढं: तो घाईनं आला नाही. थाळी पुसली. हाताला पावडर लावली. वर्तुळात उभा राहून एकदा वर, दिव्यांकडे पाहिलं. पस्तीस हजार माणसांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तो पाठमोरा झाल्यावर थांबवला. पायांकडे बघा, मी स्वतःला बजावलं. डावा चवडा वळला. उजवा पाय मध्यावर टेकला. डावा रोवला गेला. त्याच क्षणी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो छतापर्यंत गेला, आणि थाळी त्या आवाजाच्या पुढे.

ती पडण्याआधीच त्याला कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून आम्हालाही कळलं. पांढरा झेंडा वर गेला, मोजणी झाली आणि पडद्यावर ७१.४६ उमटलं. यूजीनला चेहनं केलेला जागतिक स्पर्धेचा विक्रमही मोडला गेला होता. स्पर्धेतल्या अगदी शेवटच्या फेकीला. दीडशे किलोचा माणूस पोरासारखा धावत सुटला. पुढच्या रांगेतला नातू आता डोळे सताड उघडे ठेवून खुर्चीवर उभा होता. मास्तरांनी वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे कसलीही खूण केली नाही. लेकीनं विचारलं, तर म्हणाले, यात लिहिण्यासारखं काही राहिलं नाही, सगळं बरोबर होतं.

मला चेहचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. शेवटच्या फेरीत सत्तर मीटर फेकून माणूस दुसरा यावा, याहून क्रूर निकाल खेळात फारसे नसतील. पण थोड्याच वेळात तिघंही झेंडे घेऊन एकत्र फिरत होते आणि चेहच्या चेहऱ्यावर कडवटपणा नव्हता. फेकणाऱ्यांच्या जगात हे नेहमीचं असावं. हे लोक वर्षभर त्याच त्या मैदानांवर भेटतात, एकमेकांच्या थाळ्या हाताळतात, एकमेकांच्या फेकी मापल्या जाताना शेजारी उभे असतात. समोरासमोर भिडण्याचा हा खेळ नाही. दुसऱ्याची फेक कोणी अडवू शकत नाही. त्यानं काय केलं ते बघायचं आणि आपण त्याच्या पुढे टाकायची.

त्या रात्रीनंतर मी या तिघांचा माग ठेवत आलो आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या रमोना या लहानशा गावाजवळच्या उघड्या माळावर मिकोलासनं ७४.३५ मीटर फेकली आणि पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टचा १९८६ पासून टिकलेला ७४.०८ चा जागतिक विक्रम मोडला. पुरुषांच्या ॲथलेटिक्समधला तो सगळ्यात जुना विक्रम होता. एप्रिल २०२५ मध्ये तिथेच त्यानं तो ७५.५६ वर नेला. मात्र ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण त्याला या दोन विक्रमांच्या मधल्या काळात झालेल्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही मिळालं नाही. तिथे त्यानं ६९.९७ फेकून वडिलांचा अथेन्सचा ६९.८९ चा ऑलिम्पिक विक्रम मोडला, आणि थोड्याच वेळात जमैकाच्या रोजे स्टोनानं बरोबर ७०.०० फेकून सुवर्ण नेलं. तीन सेंटिमीटर. आणि २१ सप्टेंबर २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, मुसळधार पावसात, वर्तुळ पुन्हा पुन्हा पुसून घेत खेळ चालू असताना, अखेरच्या फेरीत ७०.४७ फेकून पहिला कोण आला? पुन्हा स्टोल. मिकोलास दुसरा, आणि सामोआच्या अलेक्स रोझनं आपल्या छोट्या बेटदेशाला जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक मिळवून दिलं. व्हिएन्नाहून लेकीचा फोन आला. "बाबा, पाहिलंत ना? पुन्हा सहाव्या फेरीत!"

बुडापेस्टमध्ये आपली माणसंही होती. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पहिल्याच दिवशी स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत धावला आणि अंतिम फेरीपासून दूर राहिला. रविवारी, २७ ऑगस्टला, त्याच मैदानात नीरज चोप्रानं ८८.१७ मीटर भाला फेकून ॲथलेटिक्समधलं भारताचं पहिलं जागतिक विजेतेपद जिंकलं. त्यामुळे भाला आता आपल्याकडे घराघरांत पोहोचला आहे. थाळी मात्र अजून शाळेच्या क्रीडा महोत्सवात, मैदानाच्या कोपऱ्यात, जिथे कोणी बघायला जात नाही तिथेच आहे. याचं मला खरोखर दुःख होतं, कारण थाळीफेकीचा मोठा क्षण आपल्या महाराष्ट्राच्या मातीवर घडून गेलेला आहे. जुलै २०१३ मध्ये पुण्याला बालेवाडीत आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली तेव्हा भारताला दोनच सुवर्णपदकं मिळाली. त्यातलं एक म्हैसूरला जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या विकास गौडानं ६४.९० मीटर थाळी फेकून जिंकलं. पुढच्याच वर्षी तो ग्लासगोला राष्ट्रकुल विजेता झाला. पुण्यात भेटेल त्याला मी विचारतो, आणि बालेवाडीची ती फेक आठवणारा माणूस अजून भेटलेला नाही.

तेव्हा माझं एक ऐका. बालेवाडीला, नाशिकला, किंवा तुमच्या जिल्ह्याच्या मैदानावर स्पर्धा असेल तर वेळापत्रकात थाळीफेक कधी आहे ते आधी बघा. मुलांना बरोबर घ्या. जागा पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला धरा, जाळीपासून सुरक्षित अंतरावर. थाळीकडे बघू नका, पायांकडे बघा. आणि सहावी फेरी पुरी झाल्याशिवाय उठू नका.